जोडी माझ्याशी जुळली

मंगळवारी आमच्या ह्यांच्या हेडफोनची जोडी टीव्हीशी न जुळता माझ्याशी जुळली. हे टीव्ही इतका मोठ्यानं लावतात की शेजारी भिंत बडवतात, म्हणून हेडफोन आणले होते. टीव्हीशेजारी ठेवायची हेडफोनसोबतची ती डबी गोड आवाजात म्हणाली, "जोडी जुळवण्यासाठी नाव घ्या." आता बाईमाणसाला कुणी नाव घ्या म्हटलं की दुसरं काय सुचणार? मी हातातली मेथी खाली ठेवली आणि घेतलं.

"मेथीची जुडी निवडते पानोपान, विद्याधररावांचं नाव घेते, सांभाळा शेजाऱ्यांचे कान."

"जोडी जुळली," डबी म्हणाली. तिचा निळा दिवा लागला आणि माझा आवाज खोलीतून गेला.

म्हणजे तोंड हलायचं, पण शब्द सगळे थेट ह्यांच्या कानात. भाजीवाल्यापुढे मी नुसतीच तोंडाची उघडझाप करत उभी. बरं, ह्यांना तरी वेळेवर ऐकू यावं! तेही नाही. मी "चहा घेता?" विचारायचं आणि कपबशा विसळून झाल्या की हे म्हणायचे, "घेतो की."

एरवी मी हसले असते. पण शुक्रवारी सकाळी मिरजेला माझ्या घशातली गाठ काढायची होती. आवाज बहुतेक राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या 'बहुतेक'नं माझा जीव टांगणीला लागला होता. मला ह्यांना एवढंच सांगायचं होतं, की अहो, मला भीती वाटते, तुम्ही बरोबर चला. एरवी दवाखान्यात मी एकटीच रिक्षा करून जाते आणि हे टीव्ही बघतात. बुधवारी मी ते बोलले एकदाचं. ह्यांनी मान डोलावली, पण ती मंगळवारच्या मेथीच्या भावाला होती.

मग कागदावर लिहून दिलं. ह्यांनी न वाचताच घडी करून खिशात टाकलं. "येईलच की कानात," म्हणाले.

मी खुणेनं सांगितलं, काढा ते हेडफोन.

"वा गं वा! वाटेत आहे तेवढं सगळं सांडेल की."

इतक्या वर्षांत माझं बोलणं सांडू नये असं ह्यांना पहिल्यांदाच वाटत होतं. राग यायला हवा होता, पण मेलं बरंच वाटलं.

हेडफोन घेतले त्या दुकानाचे मालक शिकलगार येऊन बघून गेले. डबीला कान लावून म्हणाले, "वहिनी, आवाजाचा उशीर काही कमी होत नाही. टीव्हीला असं झालं की आम्ही चित्र मागे घेतो. मग ओठ आणि आवाज जुळतात."

"मग घ्या की मागे," हे म्हणाले.

"यात टीव्ही कुठाय? वहिनींना मागे घ्यावं लागेल."

"घ्या."

शिकलगारांनी बटण दाबलं आणि माझ्या खुर्चीपासून ह्यांच्या सोफ्यापर्यंतचा हॉल लांबला. फरश्या वाढल्या, छताला मधे आणखी पंखे आले. "आता बघा," म्हणून ते माझ्या बाजूच्या दारानं निघून गेले.

ओठ आणि आवाज जुळले, खोटं कशाला बोलू. पण मी काही बोलले की उशीर पुन्हा वाढायचा आणि डबी मला आपणहून आणखी मागे घ्यायची. गुरुवारी दुपारी ह्यांच्यापर्यंत नेता नेता चहावर साय धरली. म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसायचं म्हणजे काय, ते आमच्या गल्लीत विचारा. तरी हॉल लांबतच राहिला, कारण डबी सुस्कारेसुद्धा धरत होती.

शुक्रवारी रिक्षा खाली येऊन थांबली. मी पिशवी घेऊन दारात आले. हे तिकडे टोकाला, तांदळाच्या दाण्याएवढे. तिथवर चालत जाऊन सांगावं, तर ऑपरेशनची वेळ टळणार. निघावं, तर एकटीनं निघायचं. मला रडू आलं आणि तेही ऐकू आलं नाही.

तेवढ्यात तो दाणा हलला. बुधवारचं बोलणं पोचलं असणार. ह्यांनी दोन्ही हातांनी कान दाबून धरले, मग ताडकन उठले आणि अनवाणीच धावत सुटले. पंख्यामागून पंखा मागे पडत होता. हरभऱ्याएवढे झाले, लिंबाएवढे झाले, आणि मग माझ्या हुंदक्यांनी हॉल लांबत गेला, तसे धावत असूनही तेवढेच राहिले. तोंड हलत होतं. हात वर करून मला काहीतरी ओरडून सांगत होते, मधेच बाहीला डोळे पुसत होते. इकडे अजून काहीच पोचलं नव्हतं.

खालून हॉर्न वाजला. माझा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता, तो तसाच ठेवून मी केस कानामागे सारले.