साताऱ्याचा याकोब

सुभेदार आकाराम वारल्याला सतरा दिवस झाले, तरी शरयूने वडिलांच्या फोटोला हार घातला नव्हता. फोटो कपाटावर भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. भेटायला येणारे तो बघायचे आणि काही न विचारता चहा पिऊन जायचे.

दुःख होतंच. पण बाराव्या दिवशी तिने आबांची लष्करातली ट्रंक उघडली, तेव्हा गणवेशाच्या घडीत खिशात मावेल अशी एक डायरी सापडली. तेव्हापासून तिला रडू येईनासं झालं होतं.

डायरीची पाचच पानं भरलेली होती. प्रत्येक पानावर एका मुलाचं नाव, गाव, जन्मसाल आणि खाली दरवर्षीची उंची, फूट-इंचात. चाको, कोट्टायम. याकूब, मिरज. दियोगो, मडगाव. जेम्स, शिलाँग. पाचव्या पानावर जन्मसाल नव्हतं. नुसतंच लिहिलं होतं, ‘याकोब, सातारा.’

दुसऱ्या कुणाला ही पाच वेगळी मुलं वाटली असती, मित्रांची वगैरे. पण शरयू कॉलेजात इतिहास शिकवायची आणि हाताला लागेल ते वाचायची. बायबलातला याकोब अरबांकडे याकूब होतो, केरळात चाको, पोर्तुगीजांकडे दियोगो आणि इंग्रजांकडे जेम्स, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे नाव एकच. हाच तो याकोब, ज्याने हातांना करडाची कातडी बांधून आंधळ्या बापाला फसवलं आणि थोरल्याचा आशीर्वाद पळवला. इथे फसवणारा बाप होता, एवढाच फरक.

तिने आबांच्या नोकरीची कागदपत्रं काढली आणि सालं जुळवत बसली. ब्याऐंशी साली कण्णूर; चाको त्र्याऐंशीचा. नंतर गोवा, नंतर शिलाँग. आणि मिरज? दक्षिणेतून रजेवर येताना गाडी मिरजेलाच तर बदलावी लागायची. जिथे बदली, तिथे एक बाई, आणि प्रत्येकीच्या मुलाला तिच्या तिच्या भाषेत तेच नाव. आबा शिस्तीचे होते. चूकसुद्धा शिस्तीतच केली असती.

आई सहा वर्षांपूर्वी गेली, हे बरंच झालं, असं तिच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. पण संशय काही हटला नाही. आपण त्यांची एकुलती एक आहोत की नाही, एवढं तिला कळायला हवं होतं.

मिरजेचा पत्ता पानावरच होता. याकूब मुल्लाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. हातात तांब्याची तार धरूनच तो उठला.

“सुभेदारकाकांच्या शरयूताई न्हवं? फोटोत बघितलंय तुमास्नी. बसा, बसा. आमी दहाव्याला येनार हुतो, पन अब्बांना दवाखान्यात न्यावं लागलं.”

ती त्याच्या नाकाकडे बघत होती. नाक आबांसारखं नव्हतं. कान मात्र जरा तसे वाटले.

“तुमची उंची पाच फूट सात,” ती म्हणाली.

याकूब आधी चमकला, मग खो खो हसत सुटला. “व्हय की! लिवून ठेवलं असंल काकांनी. आवं, ती पैज हुती.”

मग त्याने सांगितलं. पूल बांधणाऱ्या पलटणीत सहा जण एका तंबूत असायचे. त्यातला मिरजेचा याकोब रणभिसे सगळ्यांत बुटका. अर्ध्या इंचासाठी भरतीत दोनदा नापास झालेला. तिसऱ्यांदा म्हणे झाडाला लोंबकळून उंच होऊन आला. एका पुरात पुलाचा लोखंडी गर्डर सुटला. याकोबने पाच जणांना बाजूला ढकललं आणि स्वतः राहिला. पाचांनी त्याच्या कबरीवर शपथ घेतली की पहिल्या लेकराला त्याचं नाव द्यायचं, ज्याच्या त्याच्या बोलीत. आणि कुणाचं लेकरू याकोबची उंची आधी ओलांडतंय ते बघायचं.

“दर वर्साला मापं पत्रानं कळवायची. चाको पैला आला.”

शरयूच्या छातीवरचा भार थोडा हलला, पण लगेच परत बसला. चौघांचे बाप ठरले होते. मग पाचवा?

“आणि साताऱ्याचा?” तिने विचारलं.

याकूबने तार खाली ठेवली. “ते आमालाबी कवा कळलं न्हाई, ताई. अब्बा म्हनायचे, सुभेदाराला तर पोरगी झाली, मग ह्यो याकोब आनला कुठनं? काकांना इचारलं की मिशीत हसायचे. ‘हाय एक. लय हट्टी हाय,’ म्हनायचे. दर साली कबरीवर आमी चौघं जमतो. पाचवा कवाच आला न्हाई. घावला तर सांगा.”

परतीच्या सबंध वाटेवर तिच्या मनात तेच एक वाक्य घोळत राहिलं. हाय एक. तिच्याच गावात, कदाचित तिच्याच वर्गात बसून शिकून गेलेला.

घरी शालूआत्या ओट्यावर मटकी निवडत होती. आबांची धाकटी बहीण. वडूजहून आली होती ती अजून गेली नव्हती.

“आत्या, आबांना या गावात मुलगा होता का?”

“डोस्कं फिरलं का तुजं?”

शरयूने डायरी उघडली आणि पाचवं पान वाचून दाखवलं. “याकोब, सातारा. अठ्ठ्याऐंशी, तीन फूट. एक्क्याण्णव, तीन फूट आठ. दोन हजार दोन, पाच फूट अडीच. मग पुढे काही नाही.”

आत्याचा हात मटकीतच थांबला.

“दोन हजार दोनला कोन शिकाया पुन्याला गेलं गं, ह्या घरातनं?”

शरयूने बोट त्या शेवटच्या सालावर ठेवलं. पुण्याला तीच गेली होती.

“तुजं बारसं. पाळन्याखाली वाकायच्या आदी त्यानं मला परड्यात बोलवून घेतलं. म्हनला, ‘शाले, पोरगी झाली म्हनून काय मी शबूद मोडू? चार नावं सांगशील त्यात हे एक सांग. मोठ्यानं शरयू म्हन.’ बायका माज्या पाठीत धपाटे घालत हुत्या, कुर्र कुर्र वरडत हुत्या. कुनाला ऐकू जातंय? सांगितलं म्या तुज्या कानात.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“कानातलं नाव कुनी सांगत अस्तं व्हय?”

शरयू स्वयंपाकघराच्या चौकटीकडे गेली. दर वाढदिवसाला आबा तिला इथे उभी करायचे आणि डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून चौकटीवर खूण कोरायचे. ‘टाचा जमिनीला!’ तिला तो खेळ वाटायचा. ते आत जाऊन काय लिहितात, हे तिने कधी विचारलं नव्हतं. चौकटीवर रंगाचे दोन हात बसले होते, तरी अंगठ्याला खुणा लागत होत्या.

बऱ्याच वेळाने तिने कपाटावरचा फोटो उतरवला, पदराने पुसला आणि खिळ्याला लावला. मग याकूबला फोन केला.

“घावला का, ताई?”

“सापडला.”

“खरंच? काय करतो?”

“मास्तरकी. उंची पाच फूट अडीच. तिथेच अडकला.”

“म्हंजी याकोबचाचांच्या बरोबरीला बगा! यील का आवंदा कबरीवर?”

आत्या हार घेऊन दारात उभी होती. शरयूने तो तिच्या हातातून घेतला.

“येईल,” ती म्हणाली.