फडक्याने पुसलेलं गिरमिट

मित्रांनो, मी एक जुनं गिरमिट आहे. लाकडाला भोकं पाडणारं नव्हे बरं का, जमिनीला! कमरेएवढा दांडा, वर आडवी मूठ, खाली पीळदार पातं. नवा महामार्ग कुठून न्यायचा हे ठरण्याआधी त्या वाटेवरची माती मी वर काढून देतो. तिच्यात विष मुरलेलं असेल आणि रस्त्यासाठी ती उकरली, तर ते विहिरींत उतरायचं. म्हणून ही तपासणी.

लोहाराने घडवलं तेव्हा माझा काय तोरा होता! आता पातं बोथट झालंय, मूठ डगडगते. बंद कारखाने, कचऱ्याचे ढीग, सगळीकडे मान खुपसून झाली. खरं सांगू? कंटाळलोय मी.

त्या दिवशी आम्ही एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपावर होतो. माती काळी, तेलकट, वास नुसता डोक्यात जाणारा. दर भोकानंतर मला साबणाने धुवायचं, हा नियम. पण आमची जीप तापली आणि ड्रायव्हरकाकांनी कॅनमधलं पाणी तिच्यात ओतलं.

"अहो काका, ते गिरमिटाचं पाणी होतं!" माती तपासणाऱ्या ताई ओरडल्या.

"मग गाडी काय ढकलत नेऊ?"

ऊन मी म्हणत होतं. ताईंनी मला फडक्याने पुसलं आणि शेजारच्या रोपवाटिकेच्या जमिनीत उतरवलं. मला तोंड असतं तर बोंब मारली असती.

व्हायचं तेच झालं. रोपवाटिकेच्या मातीत तेल आहे, असा अहवाल आला. रस्ता तिथून नको, पलीकडून नेऊ, असं रस्त्याचे साहेब म्हणू लागले. इकडे रोपवाटिकेकडे गिऱ्हाईक फिरकेना. मालकीणबाई, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, नातीला कडेवर घेऊन ऑफिसात आल्या.

"जमीन वाचली, नशीबवान आहेस, म्हणतात लोक. पण हिला आमच्या विहिरीचं पाणी पाजू की नको, ते सांगा ना कुणीतरी!"

ताईंनी कोपऱ्यात माझ्याकडे पाहिलं. जवळ येऊन पात्याचा वास घेतला. त्यांचा चेहरा पडला.

"मावशी, चूक माझी आहे. हे न धुताच तुमच्याकडे वापरलं. पुन्हा तपासू, पण माती चांगली निघाली, तर रस्ता तुमच्या जमिनीतूनच जाईल. तपासू?"

मावशींनी नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाल्या, "तपासा. खोटा डाग लावून घेऊन जमीन राखायची, हे काही मला जमायचं नाही."

या वेळी ताईंनी घरून पाणी आणलं, मला घासूनपुसून लख्ख केलं. माती चांगली निघाली. विहिरीचं पाणीही चांगलं निघालं. नात घटाघटा पाणी प्यायली आणि मावशी हसता हसता रडल्या.

रस्ता आता तिथूनच जातो. आवरायच्या दिवशी मावशींनी उरलेली रोपं शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून टाकली. आखणीसाठी आलेल्या ताईंच्या जीपमध्ये मी होतो. माझ्या दांड्यावर हात ठेवून मावशी म्हणाल्या, "चांगली होती ना रे माझी माती?" मला फार वाईट वाटलं, मित्रांनो.

मला रंग नको, नवी मूठही नको. फक्त दर भोकानंतर धुवा. माझ्या अंगचा मळ दुसऱ्या कुणाच्या माथी लागतो.