उजवी दाढ

हणमंतप्पांनी तुरीचा दाणा जिभेवर घेतला, पण आज तो उजव्या दाढेकडे नेला नाही. डावीकडेच फोडला. कलबुर्गीकडच्या आळंदच्या बाजारात हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं, पण शकुबाईच्या आलं. ती आपल्या तुरीच्या ढिगाशेजारी उकिडवी बसली होती आणि तुरीकडे न बघता त्यांच्या जबड्याकडे बघत होती. बावीस वर्षं सगळेच शेतकरी तिथेच बघत आले होते.

"आज कामून डाव्या अंगानं फोडलाव, अण्णा? माझ्या तुरीवर राग हाय का?"

"दाढ ठणकायलीय. तूर ओली हाय, शकुबाई. चौदाच्या वर जातीय."

"मंग? घेत न्हाई म्हणा की."

"मग बघू."

बाजारात 'मग बघू' म्हणजे नाही, हे तिथल्या बैलांनाही ठाऊक असेल. तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून हा शब्द. शकुबाई पदर खोचून ताठ उठली आणि तूर पुन्हा पोत्यात भरायला लागली.

हणमंतप्पा एका जुन्या दाळमिलसाठी तुरीची खरेदी करत. दाणा सुका असला की कट्ट आवाज करून त्याच्या दोन फाकी होतात, ओला असला की तो नुसता चेपतो. या दोन टोकांच्या मधलं जे काही असेल ते हणमंतप्पांच्या उजव्या दाढेला कळायचं. ते बारा म्हणाले की तुरीत बारा टक्के ओल. मिलमध्ये ओल मोजायचं मशीन आलं तेव्हा मालकाने मशीन नीट चालतंय की नाही, हे हणमंतप्पांकडूनच तपासून घेतलं होतं. ही गोष्ट ते सांगत नसत. पण दुसरं कुणी सांगायला लागलं तर थांबवतही नसत.

आता या धंद्यात एक गोष्ट ठरलेली. सुगीत दिवसाकाठी दोन-अडीचशे दाणे फोडायचे म्हणजे तुरीचं टरफल गालाला आतून लागणारच. पुसाच्या महिन्यात चिरा पडायच्या, उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत भरून यायच्या. मागच्या सुगीतली एक चीर भरली नाही. उगादी गेली, पाऊस गेला, दिवाळी गेली. मल्लेश्वरी, त्यांची बायको, दर आठ दिवसांनी म्हणायची, "अवो, दवाखान्यात दाखवा की." आणि ते म्हणायचे, "टरफल लागलंय. मला न्हाई कळत व्हय, माझ्या तोंडातलं?" नवी सुगी आली तेव्हा तर त्यांना वाटलं, जुनी गेली असेल, ही नवीच चीर असेल. जगाच्या तुरीतलं कळणाऱ्या माणसाला स्वतःच्या गालातलं वर्षभर कळलं नाही.

दहा दिवसांपूर्वी कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला होता. कॅन्सर निघाला. इलाज सरकारी कार्डावर बसत होता. डॉक्टरीणबाईंनी कानडीत सगळं नीट समजावलं: शनिवारी आधी उजव्या बाजूच्या दाढा काढायच्या, मग दहा दिवसांनी गालाचं ऑपरेशन, मग रेडिएशनचा शेक. हणमंतप्पांनी एकच विचारलं.

"तूर खाता येईल ना, बाई?"

"वरण चालेल. मऊ, घोटून."

त्यांना वरणाचं विचारायचं नव्हतं. पण त्या पोरीला दाण्याचं कुठून समजावणार!

दुखणं एकटं येत नाही म्हणतात, ते खोटं नाही. मालकाची मुलं बेंगळूरला स्थायिक झाली होती. उगादीनंतर मिल पाडून तिथे फंक्शन हॉल होणार, हे दिवाळीतच ठरलं होतं. जिथे दाळ भरडली तिथे आता लग्नं लागणार. बंडेप्पा हमाल म्हणाला, काम तेच आहे. हणमंतप्पा तेव्हा पोटभर हसले होते. मग घरी येऊन त्यांनी मुलीला, चैत्राला, बायोडाटा करायला सांगितलं होतं. पन्नासाव्या वर्षी, आयुष्यातला पहिला.

चैत्रा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. मोबाईल घेऊन समोर बसली.

"अप्पा, शिक्षण आठवी. पुढं स्किल काय लिवू?"

"माझं कसलं गं स्किल. मी तूर चावतो."

ती खूप हसली. मग जरा विचार करून तिने लिहिलं : 'दाताने तुरीचा ओलावा ओळखतो. बावीस वर्षांचा अनुभव.' हणमंतप्पांनी ते तीनदा वाचायला लावलं. आपण एवढे मोठे आहोत हे त्यांना माहीत नव्हतं.

तो कागद तीन मिलला गेला. दोघांकडून काही आलं नाही. तिसऱ्याचा फोन नेमका रिपोर्टनंतर आला. बसवकल्याणच्या नव्या मिलचे मालक चन्नबसप्पा म्हणत होते, गुरुवारी या, हात बघू तुमचा.

"शनवारी दाढा काढायच्या आन् गुरवारी नोकरी बघाया जायलाव?" मल्लेश्वरी भाकरी थापता थापता थांबली.

"मंग कवा जाऊ? गाल कापल्यावर? तवा कोण उभं करतंय दारात. आत्ता हाय तवर हाय."

"आन् सुट्टी? सोमवारी लागलाव तर आठ दिसात दवाखान्यात जायचंय."

"मेव्हण्याचं लगीन हाय म्हणून सांगतो."

"तुमाला मेव्हणाच न्हाई. माझ्या बापाला आमी चार पोरीच." तिला हसू आलं, पण ते लगेच गेलं. "अवो, गळ्यात लिंग हाय तुमच्या. आपल्या लिंगायतांत कामाला कायक म्हणत्यात. पूजा हाय ती. खोटं बोलून पूजा करायलाव?"

गुरुवारी सकाळी हणमंतप्पांनी लिंगपूजा केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि बस धरली. खरं सांगायचं तर वाटेत त्यांनी मेव्हण्याचं नावसुद्धा ठरवलं होतं.

नव्या मिलचं ऑफिस थंडगार होतं. टेबलावर पाच वाट्या मांडलेल्या. चन्नबसप्पा चाळिशीचा, मोकळा माणूस. "अण्णा, मशीन आमच्याकडं बी हाय. पर मशीन ओल सांगतंय, लबाडी सांगत न्हाई. त्येच्यासाठी मानूस पायजे. बघा."

हणमंतप्पांनी पहिला दाणा डावीकडे घेतला. "बारा." दुसरा. "अकरा." तिसरा चेपला. "साडेतेरा. दोन दिस उनात टाका." चौथा. "ही दहाच्या खाली. लई वाळवलीय, भरडताना चुरा व्हईल." चन्नबसप्पा हातातल्या चिठ्ठीशी ताडून बघत होता आणि मान हलवत होता.

पाचवी वाटी लालभडक, चकचकीत. डावीकडे दाणा फुटला, पण काही बोलला नाही. हणमंतप्पांनी दुसरा दाणा घेतला. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. दाणा जिभेने सरकवत त्यांनी उजव्या दाढेवर नेला आणि दाबला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. टेबलाची कड धरून ते क्षणभर थांबले. मग कळलं.

"ह्यात मागल्या सालची तूर मिसळलीय. चार पोत्यांत एक. वरनं तेलाचा हात फिरवलाय."

चन्नबसप्पाने टेबलावर थाप मारली. "बरोब्बर! ह्येच आमच्या मशीनला कळलं न्हाई आन् गेल्या म्हयन्यात गाडीभर माल अंगावर आला. अण्णा, सोमवारपासनं या!"

हणमंतप्पांनी तोंड वळवून दाणा तळहातावर घेतला होता. पिवळ्या फाकीवर रक्त होतं. त्यांनी मूठ मिटली. आता फक्त हात खिशात घालायचा होता. सोमवार होता, चैत्राचं तिसरं वर्ष होतं, बाजारात पुन्हा त्यांच्या जबड्याकडे बघणारी माणसं होती. मेव्हण्याचं नावही तयार होतं. दुसरा हात आपोआप गळ्यातल्या लिंगाकडे गेला. बावीस वर्षं त्यांनी बाजारात एकच काम केलं होतं: वरून चांगला दिसणारा माल फोडून दाखवायचा. किती जणांना त्यांनी चारचौघांत खाली बघायला लावलं होतं! त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी मूठ टेबलावर उघडली.

"मालक, माझ्या मालात बी भेसळ हाय. तोंडात कॅन्सर हाय माझ्या. शनवारी ह्याच दाढा काढायल्यात."

चन्नबसप्पा त्या दाण्याकडे बघत राहिला. मग त्याने पाचवी वाटी उचलली, खिडकीशी गेला आणि तूर बाहेर ओतून दिली. त्या वाटीतले दोनच दाणे हणमंतप्पांनी घेतले होते. बाकीच्या दाण्यांना त्यांचा हातही लागला नव्हता.

तो वाईट माणूस नव्हता. त्याने चहा मागवला, कुठल्या दवाखान्यात, कोण डॉक्टर, सगळं विचारलं, बसस्टँडपर्यंत सोडायला मोटारसायकलवर माणूस दिला. दारापर्यंत आला आणि म्हणाला, "पयल्यांदा बरं होऊन या, अण्णा. मग बघू."

हा शब्द हणमंतप्पांनी हजारदा दिला होता. घेतला कधीच नव्हता. तो घ्यायला किती जड असतो हे त्यांना त्या पायरीवर समजलं. शकुबाई उठली होती तसं ताठ चालायचा त्यांनी प्रयत्न केला.

घरी मल्लेश्वरीने विचारलं, "काय झालं?"

"पाची वाट्या बरोबर सांगितल्या," ते म्हणाले. ती ताट वाढायला उठली.

शनिवारी कलबुर्गीला तिघंही गेले. तीन दाढा निघाल्या. हणमंतप्पा बाहेर आले तेव्हा गालात कापूस होता आणि बोलायला मनाई. व्हरांड्यातल्या बाकावर मल्लेश्वरीने त्यांना मधे बसवलं. मग चैत्राने मोबाईल काढला.

"अप्पा, हुलसूरच्या एका मिलला मानूस पायजे म्हनं. बायोडाटा मागायल्यात." ती अडखळली. "त्ये दाताचं वाक्य... काढू का?"

हणमंतप्पांनी शर्टाच्या खिशात बोटं घातली. खिशाच्या शिवणीत तुरीचे दाणे असायचेच. कपडे धुताना मल्लेश्वरी रोज ते काढायची आणि रोज बोलायची. एक दाणा त्यांनी मल्लेश्वरीच्या तळहातावर ठेवला, तिच्या तोंडाकडे बोट केलं, मग आपल्या कानाकडे.

"हितं? लोकं बघायल्यात की," ती म्हणाली. पण ती सरकली, त्यांच्या कानाशी गाल लावला आणि दाणा फोडला.

कट्ट.

हणमंतप्पांनी डोळे मिटले होते. दोन्ही हातांची दहा बोटं वर झाली. मग एक. मग ते बोट अर्धं वाकलं.

"साडेअकरा?" चैत्राने विचारलं.

त्यांनी मान हलवली. बरोबर की चूक, ते सांगायला तिथे मशीन नव्हतं.

त्यांनी चैत्राच्या हातातला मोबाईल आपल्याकडे वळवला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. तिने 'दाताने' तेवढं पुसलं. 'तुरीचा ओलावा ओळखतो. बावीस वर्षांचा अनुभव' हे तसंच राहिलं. मग दवाखान्याच्या चिठ्ठीमागे त्यांनी पेनाने लिहून दाखवलं : खाली आजाराचं बी लिही.

चैत्रा मान खाली घालून लिहायला लागली. मल्लेश्वरीच्या तोंडात दाण्याच्या दोन फाकी अजून तशाच होत्या. थुंकायला शेजारीच डबा होता. तिने त्या हळूहळू चावल्या आणि गिळल्या.