तार धरून दाखव

तो टचस्क्रीनवाला स्कोप मी तीनदा भिंतीवर आपटणार होते. बोटाला जरा घाम आला की त्याला काही कळतच नाही. एक दाबावं तर भलतंच उघडतं. मेल्या, माझ्याशी मस्ती? सातिवलीच्या गाळ्यात मी झटका मशीनं बनवते. वाडीच्या कुंपणाच्या तारेत थांबून थांबून एकेक चटका सोडणारी. जनावर पळतं, मरत नाही. तो चटका पडद्यावर रेघेत बघायला हा स्वस्तातला स्कोप आणलेला. गाळ्यात माझ्यासोबत काम करणाऱ्या क्लेमेंटच्या जुन्या, भारी स्कोपशेजारी ठेवून तपासला, तर चटक्याचं वरचं टोक निम्मं गिळून टाकतो. घरातली साधी वीज मात्र अगदी बरोबर दाखवतो.

"लबाड आहे, पण ठार लबाड नाही," मी क्लेमेंटला म्हटलं.

तेवढ्यात आत्माराम काका आत घुसले, हातात कोयता. गिरीजला त्यांची केळीची वाडी, कुंपणावर मशीन माझंच. त्यांनी टेबलावर कोयता हाणला आणि दोन तयार मशीनं फोडली. क्लेमेंट मध्ये पडला, तर त्याच्या तोंडावर कोयत्याची मूठ बसली. तो रक्त थुंकत खाली बसला.

"सकाळी माझी बायको तुझ्या तारेला चिकटली," काका म्हणाले. "मेन बंद केला तवा सुटली. हातांचा कोळसा झालाय. जगंल का नाय, डॉक्टर सांगत नाय."

यमुना काकी! मागल्या खेपेला माझ्या पिशवीत जबरदस्तीने केळी कोंबणारी.  पण 'चिकटली' म्हणजे काय? झटका मशीन माणसाला फेकतं, चिकटवत नाही. तरी मशीनची बॅटरी घरातल्या विजेवर चार्ज होते, त्या बाजूचं आतलं काही जळलं असेल, तर घरातली वीज सरळ तारेत उतरते. तसं झालं असेल तर काकीला मीच जाळलं.

काकांनी माझी वेणी धरून मला टेम्पोत ढकललं. स्कोप, त्याचा प्रोब आणि पक्कड मी छातीशी धरून होते.

वाडीत पंपाच्या खोलीशी त्यांचा धाकटा मुलगा अल्पेश उभा होता, पांढराफटक. "मेन चालू कर," काका म्हणाले. त्याने खटका वर केला.

"आता धर तार. तुझं मशीन बरोबर असंल तर धरून दाखव!"

त्यांनी माझं मनगट पिळून तारेकडे रेटलं. मी त्यांच्या दंडाला कचकन चावले, त्यांनी कानाखाली काढली. ओठ फुटला. हात तारेपासून वीतभर राहिला होता. "काका, मारायचं तर मारा!" मी किंचाळले. "आधी मला बघू तरी द्या!"

काय वाटलं कोण जाणे, पकड सैल झाली. मी विजेचा जोर उतरवणारा प्रोब तारेला लावला, दुसरं टोक अर्थिंगच्या सळईला. चटका असता तर एक उभी रेघ उठून बसली असती. इथे लाटा होत्या, एकीमागून एक, न थांबणाऱ्या. ही घरातली वीज, आणि हिच्याबाबत हा स्कोप खोटं बोलत नाही.  प्लास्टिकच्या मुठीची पक्कड घेतली, कचाकच माझ्या मशीनमधून कुंपणाला जाणारी तार तोडली आणि डोळे मिटले.

उघडले तर लाटा तशाच.

"माझी नाही!" मी हसत होते की रडत होते, देव जाणे. "माझ्या मशीनची नाही ही! दुसरीकडून येतेय!"

"चायनाचा डबा! खोटं दाखवतोय!" काकांनी स्कोपला लाथ घातली. काच तडकली, लाटा चालूच. "मीच धरतो, बघू काय होतं ते!"

त्यांनी हात पुढे केला.

"बाबा, नको!" अल्पेशने झेप घेऊन त्यांना चिखलात लोळवलं. "मीच जोडलीय, पंपाच्या स्टार्टरवरून. रात्री केळीचे घड चोरतात म्हणून. सकाळी काढायला विसरलो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझा हात वीतभरावर होता तेव्हा हा मुडदा खांबासारखा उभा होता. बापाचा हात तारेकडे गेला तेव्हा याला वाचा फुटली!

 काका उठले, लेकाचं मानगूट धरलं, दुसऱ्या हाताने मनगट, आणि त्याला फरफटत तारेकडे नेऊ लागले. अल्पेश लाथा झाडत होता, "बाबा, बाबा" करत होता. खरं सांगते, एक क्षण मला वाटलं, मरू दे. मग मी खोलीत उडी मारून मेन खाली ओढला. ओरडून सांगायलाही वेळ उरला नाही.

काकांनी अल्पेशचा तळवा तारेवर दाबला. तो कापल्यासारखा किंचाळला.

"आई किती वेळ चिकटली होती?" काका रडत विचारत होते आणि आणखी जोर लावत होते. "बोल ना, किती वेळ?"

वीज बंद झाली होती. काकांना ते ठाऊक नव्हतं.