चार बोटं

मामांनी जाळीने तिसरा मासा उचलला, बादलीत टाकला आणि काचेवर बोटाने टकटक केली. उरलेल्यांपैकी बरेचसे हलले. एक तिरका होऊन तरंगतच राहिला, तेव्हा त्यालाही उचललं.

भाची दारात उभी होती. साडेसात वाजले होते. परदेशी पाहुणी दहाला यायची होती, आणि काच नीट पुसली आहे ना, एवढंच बघायला ती पाणीखात्यात आली होती. टॉवेल रंगवणाऱ्या त्या कारखान्याचं सगळं रंगीत पाणी इथे शुद्ध व्हायचं आणि भिंतीपलीकडच्या ओढ्यात जायचं. जाता जाता ते या काचेच्या टाकीतून फिरायचं. टाकीत बारा नारिंगी मासे. मासे जगतात म्हणजे पाणी चांगलं, हे कुणाला वेगळं समजवावं लागत नाही. भाचीने तयार केलेल्या कंपनीच्या शाश्वत विकास अहवालाच्या मुखपृष्ठावर हेच मासे होते.

"मामा, हे काय?"

"गुरुवार," मामा म्हणाले. "काल काळा रंग होता."

त्यांच्या पायाशी पाण्याने फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी होती आणि तिच्यात चार जिवंत मासे.

"म्हणजे तुम्ही बदलता?"

"मग काय, मेलेले ठेवू? साहेबांनीच सांगितलंय, टाकी रिकामी दिसता कामा नये."

"आणि मला कुणी बोललं नाही."

"तू विचारलंस कुठे? फोटो काढायला आलीस, टवटवीत मासे हवेत म्हणालीस. दिले टवटवीत." मामांनी पिशवीची गाठ सोडली. "काळं पाणी निवळायला दोन दिवस लागतात. आपला हौद एका दिवसाचा. बुधवारी आणि शनिवारी काळा रंग असतो, त्या पाण्यात हे तग धरत नाहीत. दुसरा हौद बांधून द्या म्हणून तीनदा अर्ज केला. साहेब म्हणतात, पुढच्या वर्षी बघू."

भाचीचं पदच शाश्वतता अधिकारी असं होतं. पाटी लागली त्या दिवशी मामांनी ती दोनदा वाचून विचारलं होतं, "शाश्वत म्हणजे टिकणारं ना गं?" ती हो म्हणाली होती, आणि मामा का हसले ते तिला तेव्हा कळलं नव्हतं.

"आज ती बाई विचारेल," मामा म्हणाले. "विचारलं तर मी खरं सांगणार. बाहेरच्या माणसाने कान उपटले तरच हौद होईल."

"मामा, आज नको."

"मग कधी?"

कंपनी समुद्रापलीकडचा एक जुना रंगाचा कारखाना विकत घ्यायला निघाली होती. तिथली नगरपालिका पाण्याच्या बाबतीत फार कडक. त्या कारखान्याची मालकीण इथलं पाणी बघून मान डोलावणार, मग व्यवहार पुढे सरकणार. व्यवहार झाला की तीन वर्षांसाठी तिकडे भाचीची नेमणूक, हेही ठरलेलं होतं. आईने तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं. मुलीला रसायनशास्त्र शिकू दे, म्हणून याच आईशी एकेकाळी मामा कडाकडा भांडले होते.

पाहुणी बरोबर दहाला आली. केस पांढरे, बूट साधे, आणि नखांच्या कडांना निळा रंग मुरलेला. तो रंग बघून मामांना ती एकदम आवडली. आल्या आल्या तिने बाहेर जाणाऱ्या पाण्यात दोन बोटं बुडवली आणि वास घेतला. साहेबांनी घाईघाईने रुमाल पुढे केला, तर तिने हात स्वतःच्याच कोटाला पुसले.

मग ती टाकीपाशी गेली. बराच वेळ बघत राहिली. तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि थेट मामांकडे वळली.

"विचारतात, हे मासे किती दिवसांचे आहेत," भाचीने सांगितलं. त्या खोलीत दोन्ही भाषा येणारी ती एकटीच होती.

मामांनी घसा साफ केला. सकाळपासून जुळवून ठेवल्यासारखे ते बोलले, सावकाश, एकेक वाक्य.

"त्यांना सांग, यातले बरेच फार तर चार दिवसांचे. काळ्या रंगाला मरतात, मग मी नवे आणतो. पाणी दोन दिवस थांबवायला जागा मिळाली तर मरणार नाहीत. काम अवघड नाही. एक हौद हवाय, बस." आणि पाहुणीला नीट कळावं म्हणून त्यांनी चार बोटं वर केली.

साहेब खिडकीबाहेर बघत होते. पाहुणी भाचीकडे बघत होती. खरं वाक्य भाचीच्या ओठांवर तयार होतं, अगदी व्याकरणासकट. चार बोटं अजून वरच होती.

"चार वर्षं," ती पाहुणीच्या भाषेत म्हणाली. "हेच मासे. ते म्हणतात, घरच्यासारखी काळजी घेतो."

पाहुणी हसली. अगदी मनापासून हसली. तिने मामांचा हात दोन्ही हातांत धरला आणि टाकीचा फोटो काढला. मामांनी बोटं हळूहळू मिटली.

महिनाभरात व्यवहार झाला. पाहुणीने एकच गोष्ट हट्टाने मागून घेतली: तिकडच्या कारखान्यातही अशीच माशांची टाकी हवी. नकाशात तिची जागा ठरली, अगदी प्रवेशद्वारासमोर. मामांचा चौथा अर्ज साहेबांनी हसत परत केला. "अहो, परदेशी बाईने पसंत केलं, आता आणखी कशाला हौद?"

भाची महिनाभर पाणीखात्याकडे फिरकली नाही. आधी कामं होती, मग कामं काढली. पण निघायचा दिवस आला तो नेमका गुरुवार, आणि मामांना न भेटता जाणं तिच्या जिवावर आलं.

मामा टाकीपाशीच होते. त्यांनी स्टुलावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांब वस्तू उचलून तिच्या हातात दिली. कागदातून दांडा बाहेर डोकावत होता.

"तिकडेही टाकी बसवणार म्हणे."

"हो."

"मग ही लागेल. गेल्या गेल्या पहिल्या दिवशी एवढं विचारून घे, काळा रंग कोणत्या वारी असतो. नवे मासे आदल्या संध्याकाळीच आणून ठेवायचे. सकाळी आयत्या वेळी धावपळ होते."

तिने मान खाली घातली. "तुम्हाला कधी कळलं?"

"तेव्हाच. मासे मरतात म्हटल्यावर ती बाई हसली असती का गं? हाताला रंग लागलेली बाई होती ती."

"मामा, मी..."

"जा, गाडी थांबली असेल. आणि लगेच बॅगेत घालू नकोस." मामांनी खाली ठेवलेली बादली उचलली. "जाळी अजून ओली आहे."