बार्टलीचा बिनखुणेचा गडगा

"गाय आत घालायची, खिंडार बुजवायचं, आणि नंतर कुणाच्या बापालाही कळू नये की इथं खिंडार होतं! याला म्हणतात हात," रविवारी चर्चच्या पायरीवर बार्टली म्हणाला, आणि त्यानं अख्ख्या इनिश मान बेटाकडं असं बघितलं, की जणू बेट त्यानंच रचलंय.

मंगळवारी ते खिंडार त्याला स्वतःलाच सापडेना.

बेटावर माती चिमूटभर आणि चुनखडी उदंड. फाटकाला लाकूड आणणार कुठून? म्हणून गाय काढायची तर चुन्याशिवाय नुसते दगड रचलेल्या गडग्याचा एक तुकडा उतरवायचा, गाय काढायची, दगड परत रचायचे. खूण म्हणून त्या जागी दोन दगड उभे ठेवतात, एवढी अक्कल इथं सगळ्यांना असते. पण वारसा समितीच्या हॅलोरन बाई उत्तम गडग्याला पाटी द्यायला येणार होत्या. पाटीवर मालकाचं नाव! गेल्या वर्षी शेजारच्या फेस्टीला गवती छपराची पाटी मिळाली, तेव्हापासून तो रस्ता विचारणाऱ्यालाही आधी ती दाखवायचा. बार्टलीला रात्र रात्र झोप नव्हती. ते उभे दगड त्याला दातात अडकलेल्या काडीसारखे दिसायला लागले. त्यानं ते आडवे केले आणि सगळा गडगा एकसारखा करून टाकला.

"सुंदर आहे हं," मंगळवारी गडगा बघायला आलेल्या बाई म्हणाल्या. "आता गाय काढून दाखवा. नुसते गडगे काय, ढिगानं आहेत. पाटी आहे ती उघडणाऱ्या-मिटणाऱ्या हाताला."

बार्टली हात मागं बांधून गडग्याच्या कडेकडेनं कोपऱ्यापर्यंत गेला. परत आला. पुन्हा गेला.

"काय शोधतोयस?" त्याची बायको नोरा कुजबुजली.

"वाऱ्याचा अंदाज घेतोय."

"खिंडार सापडत नाहीये ना?"

"हळू बोल गं, बये!"

"बार्टल्या," गडग्याबाहेर पाइप ओढत उभा असलेला फेस्टी ओरडला, "गाईला विचार की! दोघांत तीच शहाणी दिसते."

बार्टलीला चीड आली, पण म्हणणं पटलं. त्याची गाय ड्रिमिन रोज जिथून ये-जा करते तिथंच उभी राहणार. आणि ती उभी होतीच, फेस्टीच्या समोर, गडग्यावर हनुवटी टेकून. बार्टलीनं तिथला वरचा दगड उचलला. दुसरा उचलला. तिसऱ्यानंतरचे दगड आपणहून यायला लागले, आणि खडखडाट संपला तेव्हा एक बैलगाडी सहज जाईल एवढी वाट झाली होती.

ड्रिमिन बाहेर आली, फेस्टीनं मघापासून पाठीमागं धरलेला सलगम तोंडात घेतला आणि दफनभूमीकडं चालू लागली. नोरा शिव्या देत तिच्यामागं धावली.

"बरं, उघडून झालं," बाई समजुतीनं म्हणाल्या. "मिटून दाखवा, त्यालाही निम्मे गुण आहेत. अगंबाई! जेन्शियन!" आतल्या खडकाच्या भेगेत निळं फूल होतं. बाई पडलेल्या दगडांवरून आत गेल्या आणि गुडघ्यांवर बसल्या.

बार्टलीला बाई आत गेलेल्या दिसल्याच नाहीत. त्याची मान खाली होती. आणि खरं सांगायचं, तर माणसाच्या हातात कला होती. दगड एकदा फिरवायचा, एकदा बघायचा, ठेवायचा. तो जन्मल्यापासून तिथंच असल्यासारखा बसायचा. फेस्टी तर आपणहून दगड पुरवायला लागला. मधे एकदा त्यानं गडग्यापलीकडं डोकावून पाहिलं, त्याला जोराचा खोकला आला, आणि तो आणखी भराभर दगड देऊ लागला.

शेवटचा दगड बसला. कुठून उघडला होता, शपथ घेऊनही सांगता येऊ नये!

"बघा बाई! दाखवा बरं खिंडार!" बार्टली वळला. मागं कुणी नव्हतं. "बाई?"

"इथं आहे मी." दोन दगडांमधल्या फटीतून एक डोळा बघत होता. "काम अप्रतिम आहे हो. आतूनसुद्धा. पाटी तुमचीच! बाहेर आले की लगेच नाव लिहून घेते. कुठून येऊ?"

बार्टलीनं डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं.

"सांग की रे," फेस्टी म्हणाला. "पाहुण्यांना ताटकळत ठेवू नये."

"राहू दे, मी वरूनच येते," बाई म्हणाल्या, आणि गडग्यावर दोन तळवे आणि एक गुडघा दिसला.

"बाई, चढू नका! बाई, नको!"

हॅलोरन बाई बाहेर आल्या. गडगाही आला, पार कोपऱ्यापर्यंत.