चौदा नंबर बंद

दिवा बंद केला की अंधार होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. साहेब, तुम्हाला कळलं नाही. बाज्याचा हात विजेने नाही, तुमच्या शब्दाने जाळला.

हेमराजने रेल्वेच्या तारांखाली एकवीस वर्षं काढली. त्याला इंग्रजी दोनच शब्द लागले. ओपन, म्हणजे स्विचची पाती सुटली, करंट थांबला. क्लोज, म्हणजे पाती जुळली, तार जिवंत. गेल्या महिन्यात वरच्या कुण्या शहाण्याने कंट्रोलच्या स्क्रीनचं भाषांतर करवलं. ओपनचं ‘खुला’, क्लोजचं ‘बंद’. तारेखालच्या माणसाला विचारलं कुणी?

नवापूरच्या अलीकडे, भर दुपारी, हेमराजने कामासाठी फोनवर चौदा नंबरच्या स्विचची लाइन बंद मागितली. कंट्रोलवरच्या नव्या माणसाने ‘बंद’चं बटण दाबलं, स्क्रीनवर ‘बंद’ वाचलं. “चौदा नंबर बंद है, भाई,” म्हणत परवानगीही दिली.

उरलासुरला करंट जमिनीत उतरवायला आधी तारेला लांब रॉड लावतात. ते काम बाज्याचं. बाज्या ठेकेदाराचा मजूर.

“नीट इचार, दादा,” तो हसला. “हाऊ तुन्हा घरना पंखा नही शे.”

“दोनदा इचारं. बंद शे. लाव रॉड.”

रॉड टेकला आणि भडका उडाला. रॉडच्या वायरचं दुसरं टोक बाज्याने आधीच रुळाला आवळलं होतं, म्हणून जीव वाचला. उजवा हात कोपरापर्यंत होरपळला.

आता हेमराज दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसलाय. मांडीवर साहेबांचं पत्र: मजुराने खात्री न करता रॉड लावला, असा खुलासा सही करून द्या. सही केली की हेमराज सुटला, बाज्या कामावरून गेला. हेमराज इतका थकलाय की शिवी द्यायलाही जोर नाही.

“करी टाक सही, दादा,” बाज्याने पट्टीतला हात उचलला. “मन्हा हात ते सुट्टीवर शे.”

हेमराज हसला नाही. त्याने पत्र पालथं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं:

‘साहेब, चौदा नंबर बंद होता, असं तुमची स्क्रीन सांगत होती. बंद म्हणजे तारेत करंट आहे की नाही? तुमच्या हाताने लिहा, खाली सही करा. मग माझी मागा.’